चेंबरचा नट

आमच्या ४०७ चं ऑइल आजवर एकाही गॅरेजमध्ये बदललेलं नाही. क्लच, ब्रेक, पाटे यांसाठी बाबा पांढरकवड्याच्या मिस्त्रीकडे जातात आणि घासाघीस न करता पैसे देतात. ऑइल आणि फिल्टर मात्र घरी, अंगणातल्या निंबाखाली. लोकांना वाटतं, मजुरी वाचवतात. पण तेलाच्या बादलीची किंमत बघितली तर मजुरी किरकोळ असते. खरं कारण वेगळं आहे. गॅरेजमध्ये नट खोलला की तुमचं जळकं तेल दहा गाड्यांच्या तेलासोबत एकाच ड्रममध्ये जातं, आणि ते कोणी बघत नाही.

मोठे ट्रकवाले ४०७ ला ट्रक म्हणत नाहीत. म्हणू नका. टाटांनी ही गाडी १९८६ मध्ये आणली. आमची २०११ ची. दिवाळीनंतर झरी आणि मारेगावकडच्या गावांतून जिनिंगला कापूस, उन्हाळ्यात विटा, लग्नसराईत मंडपाचं सामान, कधी पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद. बॉनेटखाली ४९७ इंजिन. या आकड्याचा अर्थ मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कळला नव्हता, कारण मी कॉम्प्युटरवाला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. एवढंच. आमच्या कंपनीत कोणी व्हेरिएबलला इतकं स्वच्छ नाव दिलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

तर पद्धत अशी. सकाळी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायची. गरम तेल पातळ होतं आणि तळाशी बसलेली घाण ढवळून सोबत बाहेर येते. मग हँडब्रेक, मागच्या चाकांना दगडाची उटी. जॅक लावायचा नाही. ४०७ एवढी उंच आहे की बारीक माणूस सरपटत खाली जातो, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही हा बाबांचा एकमेव लेखी नसलेला कायदा. चेंबरच्या नटाखाली घमेलं. नट पान्यानं सैल करायचा, शेवटचे आटे हातानं, वर दाबून धरत, आणि मग झटक्यात बाजूला. तरीही तेल कोपरापर्यंत येतंच.

फिल्टर निघत नसेल तर जुन्या फॅनबेल्टचा फास टाकून फिरवायचा. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात तेल भरायचं, रबरी रिंगला बोटानं तेल लावायचं, आणि रिंग टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा. पाना लावला तर पुढच्या वेळी फिल्टर फाटूनच निघतो. नटाखालचा तांब्याचा वायसर दरवेळी नवा. तेल भरून झालं की इंजिन बंद करायची दोरी ओढून धरायची आणि स्टार्टर मारायचा, म्हणजे इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. तेलाचा दिवा विझला की दोरी सोडायची. शेवटी रिकाम्या बादलीला पेचकसानं भोकं. नाहीतर तीच बादली भंगारातून फिरून बनावट तेल भरून दुकानात येते.

बादलीवर लिहिलेलं असतं, १५ डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. उणे २० अंशाला इंजिन फिरवताना तेल किती घट्ट असेल, त्याचं ते माप. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात हा आकडा म्हणजे निव्वळ शोभा. आपल्या कामाचा आकडा ४०, तो १०० अंशाला मोजलेला.

तेल काळं झालं म्हणजे खराब झालं, हा समज पेट्रोलच्या गाड्यांवरून आलेला. डिझेल इंजिनात नवं तेल दोन दिवसांत काळं होतं, आणि व्हायलाच पाहिजे. काजळी धातूला चिकटू न देता पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम. दुसरं काम आम्ल मारण्याचं. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होतं. आमची गाडी घेतली तेव्हा आपल्याकडच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालायचं. २०१७ पासून देशभर ५०, आणि २०२० पासून १०. तेल जास्त टिकायला लागलं त्यात याचाही वाटा आहे. फिल्टरचं मात्र वेगळं. तो तुंबला तरी इंजिन थांबत नाही. आतली एक झडप उघडते आणि न गाळलेलं तेल तसंच पुढे जातं. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर गाडी विकायची ठरली. बाबा ५९ चे, खांदा धरतो. पलीकडच्या गावच्या एका पोरानं दलालामार्फत दहा हजार इसार दिला. मला बरं वाटलं. माझ्या डोक्यात एकच होतं, की हा माणूस आता गाडीखाली सरपटणार नाही. ऑइलचे किलोमीटर भरले होते, म्हणून द्यायच्या आधी बदलून देऊ, असं बाबा म्हणाले.

तेल गळून गेलं. घमेल्याच्या तळाशी उरलेलं थोडं बाबांनी बोटावर घेतलं आणि उन्हात धरलं. "पाय. चमकून रायलं." लालसर, अगदी बारीक, देवीच्या कुंकवात चमकी मिसळावी तशी. मी जुन्या हार्डडिस्कमधून काढलेलं चुंबक आणलं. काही चिकटलं नाही, म्हणजे लोखंड नव्हे. बाबांनी फिल्टर हॅक्सॉनं कापला, आतला घडीचा कागद उलगडला. घड्यांमध्येही तेच.

क्रँकच्या बेअरिंगची वाटी थरांची असते. पाठ पोलादाची, मध्ये तांब्याचा मिश्रधातू, वर केसाहून पातळ असा मऊ थर. वरचा थर झिजला की तांबं उघडं पडतं आणि तेलात उतरायला लागतं. तांबं दुसरीकडूनही येऊ शकतं, पण गाडी गरम झाल्यावर तेलाचा दिवा हल्ली उशिरा विझायचा. म्हणजे हेच.

दलाल आला होता. त्यानं फार सहज सांगितलं, "भाऊ, जाड ऑइल टाकून द्या. आवाज बसते. दोन महिने कोनाले समजत नाही." हे खरं आहे. जाड तेलानं दाब वाढलेला दिसतो, ठोक दबतो. बाबा म्हणाले, "अन् दोन महिन्यानं तो कापूस भरून रस्त्यात उभा राहीन. मंग?"

दलाल म्हणाला, मंग त्याचं नशीब.

बाबांनी पोराला फोन लावला. तो संध्याकाळी आला, सोबत त्याचे काका. बाबांनी त्यांना घमेलं दाखवलं, कागद दाखवला. काकांचा चेहरा पडला. जुनी गाडी विकणारा स्वतःहून दोष दाखवतो म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवतो, असंच त्यांना वाटलं असणार. ते इसार मागून गेले. बाबांनी दिला.

त्या रात्री घरात बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही. इंजिन खोलायचे पैसे मी दिले, एवढं सांगतो.

मधल्या काळात ते घमेलं रिकामं झालं. कायद्यानं जळकं तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या कारखान्यातच जायला हवं. आमच्या गल्लीत ते बाटल्यांमधून जातं. कोणाला बंडीच्या आखाला वंगण, कोणाला खांबाला उधई लागू नये म्हणून. ढोराच्या जखमेला लावायला कोणी मागितलं तर बाबा देत नाहीत, डॉक्टरचा नंबर देतात.

मिस्त्रीनं चेंबर उतरवलं. चौथ्या कनेक्टिंगची वाटी अर्धी तांबडी झाली होती, दोन मेनच्या वाट्या त्या मार्गाला. क्रँक वाचला होता, नुसत्या पॉलिशवर भागलं. अजून एक हंगाम गेला असता तर क्रँकच गेला असता.

जानेवारीत ते पोरगं एकटंच परत आलं, मिस्त्रीकडे चौकशी करून. ठरलेल्यापेक्षा पंधरा हजार कमी बोलला, बाबा आठवर थांबले. जाताना त्यानं जॅक, पंप, ताडपत्री मागितली. बाबांनी सगळं दिलं. चेंबरच्या नटाचा पानाही मागितला त्यानं. तो दिला नाही.