उठून उभं राहायचं राहिलं

गाभाऱ्यासमोरच्या दगडाला तुपाचा वास आहे. वर्षानुवर्षांचं तूप त्या फरशीत मुरलंय. त्यावर समईचा पिवळसर उजेड पसरलाय, कुठूनतरी जुईच्या गजऱ्यांचा गंध येतोय. एकेक बाई पुढे येते, वाकते, उंबऱ्याशी तळहातानं तूप सारवते, त्यावर बोटानं कोलम, म्हणजे तमिळ रांगोळी, रेखते, आणि उठताना तिचा हात नकळत स्वतःच्या पोटाशी जातो.

कुंभकोणमहून वीसेक किलोमीटरवर, पापनाशमजवळ, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या तंजावरच्या भातशेतीतलं हे तिरुक्करुगावूर. इथली देवी गर्भरक्षांबिका. ज्यांना मूल हवंय त्यांना तिच्या पायाशी ठेवलेलं तूप मिळतं, ज्यांना दिवस गेलेत त्यांना पोटाला लावायला एरंडेल. महादेव मुल्लैवननाथर, जुईच्या वनाचा स्वामी. त्याचं लिंग वारुळाच्या मातीचं, म्हणून त्यावर पाणी घालत नाहीत, सुगंधी लेप लावतात. जे विरघळू शकतं त्याला जपायचं, हीच या जागेची रीत असावी.

देवळाची कथा मला फार जवळची वाटते. निध्रुव घरी नव्हता. त्याची गरोदर बायको वेदिका थकून पडली होती. दारात एक ऋषी आले, आणि तिला उठून त्यांचं स्वागत करता आलं नाही. त्यांनी शाप दिला, गर्भ गळू लागला, तिनं देवीला हाक मारली. देवीनं तो जीव घटात ठेवून वाढवला.

समाजशास्त्राचा पहिला धडा कुणाला सांगायचा झाला, तर मी हीच कथा सांगेन. अतिथी आला की उठावं, हा नियम. वेदिका घरची गृहिणी होती, आणि त्याच वेळी पोटुशी, दमलेली बाईही होती. दोन भूमिका एकाच देहात आणि एकाच क्षणी समोरासमोर आल्या. पुस्तकात याला भूमिकासंघर्ष म्हणतात. नियम मोडला की शिक्षा येते, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यांत हळव्या जागी बसते. तिला विचारलं नाही कुणी, की बाई, तुला बरं वाटतंय ना?

एमिल दुरखाइम या फ्रेंच अभ्यासकानं १८९५ साली लिहिलं, की काही गोष्टी माणसाच्या बाहेर असतात, त्याच्या आधीपासून असतात आणि त्याच्यावर जोर चालवतात. त्यांना त्यानं सामाजिक तथ्यं म्हटलं. भाषा त्यांतलीच. तंजावरचं मराठी राज्य १८५५ मध्ये संपलं, राजा गेला, दरबार गेला, आणि तरी या मुलखातल्या काही घरांत आजही बाळाच्या कानावर पहिल्यांदा मराठी पडते, तमिळ हेल घेतलेली, जुन्या वळणाची. बाळानं ती निवडलेली नसते. ती पाळण्याच्या आधीच घरात असते.

नातीही तशीच. बाळ यायच्या आधी त्याचा मामा तयार असतो, आत्या तयार असते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतभरच्या नात्यांचा नकाशा मांडला, तेव्हा दक्षिणेचं वेगळेपण ठळक झालं : इकडे मामाशी किंवा मामाच्या मुलाशी मुलीचं लग्न होऊ शकतं, म्हणजे मांडीवर घेऊन कान टोचवणारा मामा पुढे सासराही असू शकतो. अजून डोळे न उघडलेल्या जिवाभोवती केवढी माणसं उभी असतात!

आणि गल्लीही उभी असते. याच तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई १९६१–६२ मध्ये राहिले. गावाला त्यांनी श्रीपुरम हे टोपणनाव दिलं, आणि १९६५ च्या पुस्तकात त्याची रचना उलगडून दाखवली : ब्राह्मणांचं अग्रहारम, ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या, आणि त्यांच्यापासून दूर, शेतांच्या पल्याड, दलितांची चेरी. काळ बदलत होता, जमीन आणि सत्ता जातीच्या हातून सुटू लागली होती, हे त्यांनी बारकाईनं टिपलं. पण जन्म कुठल्या गल्लीत झाला यावर विहीर, वाट, देऊळ, शाळा, लग्न, अगदी सरणाची जागासुद्धा ठरलेली असण्याचे दिवस फार मागे गेलेले नव्हते. याला अर्पित दर्जा म्हणतात.

कमावला नाही, मागितला नाही, तरी मिळाला.

तूप सारवून उठलेली ती बाई आता खांबाला टेकून बसलीय. शेजारी नवरा, हातात प्रसादाच्या तुपाची बाटली जपून धरलेली. अठ्ठेचाळीस रात्री दोघांनी थोडंथोडं घ्यायचं. त्याच्याही चेहऱ्यावर ताण आहे, पण त्याला लग्नाच्या पंगतीत कुणी हळूच कोपऱ्यात घेऊन विचारत नसावं, काय, गोड बातमी कधी? ते तिलाच विचारतात. प्रेमानं विचारतात. ओटी भरताना विचारतात, आणि कधीकधी ओटी भरायचीच टाळतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये सांगितलं होतं, की एकट्याचं वाटणारं दुःख आणि सगळ्यांचा प्रश्न यांतला धागा दिसू लागणं, हीच समाजशास्त्रीय नजर. मला इथे तो धागा दिसतो. मूल हवंसं वाटणं तिचं आहे, खरं आहे, त्या ओढीला मी हातही लावणार नाही. तिच्या नवसात मात्र सासूची घाई मिसळलीय, जावेचं मौन मिसळलंय, वंशाला दिवा हवा म्हणणारी अख्खी आळी मिसळलीय. देवीपाशी ती जे घेऊन आली त्यातलं किती तिचं स्वतःचं, आणि किती आपण सगळ्यांनी तिच्या ओटीत घातलेलं?