खिडकीतली बाटली

१९९८च्या पावसाळ्यात आम्ही पूर्व दिल्लीत लक्ष्मीनगरच्या एका गल्लीत राहत होतो. मी नोएडातल्या एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तेल, मसाले, पीठ, पाणी, काय वाटेल ते तपासायला येई. समोरच्या दारात दरभंग्याचं कुटुंब होतं. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल, त्यांच्याकडे सरसोंचं. संध्याकाळी जिन्यात दोन्ही फोडण्यांचे वास एकमेकांत मिसळत.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका रात्री भाभी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आल्या. आत तेल होतं. ‘‘दीदी, ये नया तेल आया है तब से सबका पेट खराब है. ज़रा देख लीजिए.’’

मी म्हटलं, पावसाळा आहे, पाणी उकळून प्या. वर कायदाही सांगितला. आमच्याकडे नोंद केल्याशिवाय नमुना घेत नसत. सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घ्यायची सोय १९५४च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात साध्या ग्राहकालाही होती. फी भरायची, पण माल घेतानाच दुकानदाराला सांगायचं, की हा मी तपासायला देणार आहे. भाभी हसल्या. ‘‘उसको बोलूँगी तो अगले महीने उधार कौन देगा?’’

बाटली माझ्याकडेच राहिली. मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. उद्या नेऊ, परवा नेऊ.

पुढे वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या. दिल्लीच्या दवाखान्यांत पाय सुजलेले रुग्ण येत होते. घरातली तीन-तीन, चार-चार माणसं एकदम. सूज, त्वचेला लाली, धाप. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल निघालं होतं.

पिवळा धोत्रा मला लहानपणापासून ठाऊक. अमरावतीकडे पडीक रानात, रस्त्याच्या कडेला उगवतो. काटेरी पानं, पिवळी फुलं, देठ मोडला की पिवळा चीक. बी काळं, बारीक, मोहरीत सहज खपून जाणारं. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात. त्याच्या तेलातलं सँग्विनारिन केशवाहिन्या सैल करतं. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, पाय सुजतात, हृदयावर ताण येतो. सुरुवात पुष्कळदा पोट बिघडण्यापासून होते. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं.

त्या दिवशी जिन्यात भाभींचे सासरे भेटले. एकेका पायरीवर थांबत होते. चपलेचा पट्टा पायात रुतला होता.

मी बाटली पर्समध्ये घातली आणि कोणालाही न विचारता प्रयोगशाळेत नेली. परीक्षानळीत थोडं तेल, तेवढंच तीव्र नायट्रिक आम्ल, जपून हलवायचं आणि थांबायचं. खालचा आम्लाचा थर नारिंगी झाला, मग लालसर तपकिरी. ही चाचणी ढोबळ आहे, थोडी भेसळ तिच्यातून निसटू शकते. म्हणून थिन लेयर क्रोमॅटोग्राफीही केली. अतिनील दिव्याखाली ठिपका चमकला. पण मला उत्तर पहिल्या नळीतच मिळालं होतं.

घरी येऊन आधी त्यांचा डबा मोरीत रिकामा करायला लावला. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. तीन आठवड्यांनी ते परत आले, पण जिना उतरून पुन्हा बाजारात गेले नाहीत. त्या साथीत साठाहून अधिक माणसं गेली, आजारी पडलेली सुमारे तीन हजार. खाद्यतेल बंद पाकिटातच विकायचं, हा केंद्र सरकारचा आदेश त्यानंतरचा.

दिवाळीच्या आधी मी भाभींना खरं सांगितलं. बाटली अकरा दिवस खिडकीत होती. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘जाँच में कितना समय लगता है?’’

‘‘पाँच मिनट.’’

त्या उठून दूध बघायला आत गेल्या. दूध उतू जात नव्हतं.

त्या पाच मिनिटांचा विचार मी नोकरी संपेपर्यंत केला. नियम चुकीचे नव्हते. नमुना सीलबंद हवा, नोंद हवी, नाहीतर गुन्हेगार कोर्टातून सुटतो. पण ती सगळी काळजी खटल्यासाठी आहे. भाभींना खटला भरायचा नव्हता. रात्री भाजी त्या तेलात टाकू की नको, एवढंच विचारायचं होतं.

२००६चा नवा कायदा आला. विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस आहेत. ग्राहकाने दुकानदाराला आधी सांगायची अट त्यातही आहे. चौदा दिवसांत चौघांच्या घरातला तेलाचा डबा निम्मा होतो.

आता मी गाझियाबादला राहते. सोसायटीतल्या बायका दिवाळीला खवा घेऊन येतात, कोणी हळद, कोणी दूध. आयोडीनचा थेंब टाकून खव्यातला स्टार्च कळतो, तेवढं मी लगेच करते. जे घरी कळत नाही, ते कळत नाही असं सांगते, आणि कोणाकडे न्यायचं तेही. पण पोट बिघडलंय म्हणाल्या, तर आधी एकच सांगते : उत्तर येईपर्यंत ते खाऊ नका. भाभींना त्या रात्री एवढं सांगायला प्रयोगशाळासुद्धा लागली नसती.