खांबावरचा कागद वाचा

न्यूयॉर्कमध्ये मार्च उजाडला की डांबराचा हंगाम सुरू होतो, तो थंडी पडेपर्यंत चालतो. शहराच्या हद्दीत सहा हजार मैलांहून जास्त रस्ते आहेत. प्रत्येक मार्गिका वेगळी मोजली तर वर्षाला हजाराहून जास्त मैलांवर नवा थर चढतो. तेव्हा आज ना उद्या पाळी तुमच्या गल्लीची येणारच. क्वीन्समध्ये आपली मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यातली बरीच गेल्या काही वर्षांत आलेली. हे लिहितोय ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी कागद येतात. झाडांच्या बुंध्यांना, खांबांना बांधलेले, अमुक तारखांना इथे गाडी लावू नका असं सांगणारे. खांबावर हरवलेल्या मांजरांपासून रिकाम्या खोल्यांपर्यंत इतकं काही चिकटवलेलं असतं की नवा माणूस तिकडे बघतच नाही. हा कागद मात्र वाचाच. त्या दिवशी गाडी जागेवर राहिली तर ती उचलून बहुतेक वेळा जवळच्याच एखाद्या रस्त्यावर नेऊन ठेवतात. गाडी दिसली नाही तर चोरीची तक्रार करण्याआधी शहराच्या ३११ या क्रमांकावर किंवा भागातल्या पोलीस ठाण्यात विचारा. पावसामुळे तारीख पुढे ढकलली जाते, म्हणून एकदा वाचून भागत नाही. आठवड्याचं वेळापत्रक वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर असतं.

मग यंत्र येतं आणि जुना रस्ता खरवडून काढतं, साधारण दोन इंच. हा खर्च वाया जात नाही. रस्त्याची उंची तेवढीच राहिली तरच फुटपाथची कड पाणी अडवते आणि पाणी गटाराच्या जाळीकडे वळतं. आपल्याकडे थरावर थर चढवत गेलेले रस्ते आणि त्यांच्याखाली गेलेली चाळींची, सोसायट्यांची आवारं ज्यांनी पाहिली आहेत, पहिल्या पावसात जिन्याच्या पायरीशी आलेलं पाणी ज्यांनी उपसलं आहे, त्यांना या दोन इंचांची किंमत वेगळी सांगायला नको. खरवडलेला मालही फुकट जात नाही. ब्रुकलिनमधल्या हॅमिल्टन अव्हेन्यूवर आणि क्वीन्समध्ये शहराचे स्वतःचे डांबर कारखाने आहेत. तिथे तो नव्या मिश्रणात मिसळतात, जवळपास ४० टक्क्यांपर्यंत.

माझी खरी काळजी आहे ती खरवडणं आणि नवं डांबर यांच्यामधल्या दिवसांची. हे काही दिवस असतात, कधी कधी जास्तही लांबतात. तेव्हा रस्त्यावर बारीक चऱ्या उमटलेल्या असतात आणि मॅनहोलची लोखंडी झाकणं बाजूच्या पृष्ठभागापेक्षा वर आलेली असतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती दिसत नाहीत. बाबागाडीचं पुढचं लहान चाक नेमकं त्या कडेला अडतं. सायकलचं चाक चऱ्यांवर घसरतं. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील रोज फिरायला बाहेर पडतात, चपला घालून, गप्पा मारत. त्यांना या दिवसांत दुसऱ्या रस्त्याने न्या, किंवा निदान बूट तरी घालायला लावा.

कोपऱ्यावरचे उतार आधीच तयार व्हायला हवेत. १९९० च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार रस्त्यावर नवा थर टाकायचा म्हणजे चौकातल्या फुटपाथला चाकांच्या खुर्चीसाठी उतार द्यायचा. रस्ता नवा झाला आणि उतार तुटकाच राहिला, तर तक्रार करा. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच खांबावर लिहिलेलं नसतं. नव्या थराचा रस्ता पाच वर्षं संरक्षित मानला जातो. तो खोदायला वीज, गॅस, पाणी, केबल कुणालाही खास परवाना लागतो आणि भरून देण्याचे नियमही जास्त कडक असतात. आणीबाणी आली तर गोष्ट वेगळी. रस्त्याचं आयुष्य नुसत्या वाहनांनी कमी होत नाही, ते खोदकामाच्या सांध्यांनी कमी होतं. सांध्यात पाणी शिरतं, हिवाळ्यात त्याचा बर्फ होऊन तो फुगतो, वितळला की आत पोकळी राहते आणि फेब्रुवारीत तिथे खड्डा तयार. मुंबई-पुण्यात डांबर वाळतं न वाळतं तोच कुदळ पडताना आपण पाहिलं आहे. म्हणून ही पाच वर्षं मला फार मोलाची वाटतात.

पण नियम पाळला जातो तो बघणारे असले तरच. रस्त्यावर चौकोनी ठिगळ दिसलं तर थोडं वाका. डांबरात बसवलेली एक छोटी रंगीत गोल चकती दिसेल. कुणी खोदलं हे तिच्यावरून ओळखता येतं. ठिगळ खचलं असेल तर त्या चकतीचा फोटो काढा आणि घर क्रमांकासकट ३११ वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. आपल्या भागाच्या कम्युनिटी बोर्डाची, म्हणजे स्थानिक सल्लागार मंडळाची, बैठक सर्वांना खुली असते. गल्लीची पाळी लांबत असेल तर तिथे उभं राहून सांगा. आपली माणसं करवाढीवर तासन्‌तास बोलतात आणि या बैठकांना जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी अडत असेल तरी त्यांनीही फोन करावा. ३११ वर दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत.