डोळ्यातलं प्रेशर

सांगली-साताऱ्याकडे काचबिंदू म्हटलं की हमखास विचारतात, "पिकलाय का?" हा सगळा घोळ नावामुळे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्यामागची नसच मरत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. इथे पिकायची वाट कसली बघता!

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं (अश्रू वेगळे) आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. जाळी तुंबली की प्रेशर वाढतं. साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात. पण २१ ही काही लक्ष्मणरेषा नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. प्रेशर जास्त पण नस शाबूत असे १,६३६ लोक त्यात होते. थेंब न घेणाऱ्यांपैकी ५ वर्षांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. म्हणजे बहुतेकांना काहीच झालं नाही. उलट प्रेशर नॉर्मल असून नस खराब झालेलेही असतातच. तेव्हा नुसता आकडा ऐकून घरी यायचं नाही, नस बघून घ्यायची.

बरं, बहुतेकांना दुखत-खुपत काही नाही. आधी कडेची नजर जाते आणि मेंदू ती जागा परस्पर भरून टाकतो. आपल्या भाषेत, एरर गिळून टाकणारा कॅच ब्लॉक! दक्षिण भारतातल्या पाहण्यांमध्ये सापडलेल्या १० पैकी ९ रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे हे माहीतच नव्हतं.

धोका कुणाला? चाळिशी ओलांडलेले, मोठा मायनस नंबर असलेले, डोळ्याला मार लागलेले. आणि स्टिरॉइडवाले. उसाचं पातं लागलं, हळदीची धूळ गेली की मेडिकलमधून "मागच्या वेळचे ते थेंब" आणायचे. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली झटकन उतरते, पण महिनोन्‌महिने घातले तर काहींचं प्रेशर चढतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्ताचं नातं. मामाचा काचबिंदू मिरजेत सापडला, म्हणजे साताऱ्यात आईची तपासणी आलीच. "मला चांगलं दिसतंय की रे" हे तिचं उत्तर. तिचं प्रेशर १८ निघालं, पण डॉक्टरांनी नस बघून फील्ड टेस्ट सांगितली आहे. तिच्यानंतर माझा नंबर.

तुम्हीही आई-बाबांना नेणार असाल तर एक सांगतो, बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. काही तास धूसर दिसतं, तेव्हा येताना गाडी तुम्हीच चालवा.