सीनच्या कांठचा जुना काळ

पॅरिस पाहून आलेला मनुष्य घरीं परतल्यावर बहुधा आयफेलच्या मनोऱ्याविषयीं बोलतो, लूव्ह्रमधील चित्रांविषयीं बोलतो, फार तर तेथील खाद्यपदार्थांविषयीं बोलतो. व्याकरणाचें नांव कोणी काढीत नाहीं. परंतु ज्या शहरांत भाषेच्या राखणीसाठीं घुमटाची स्वतंत्र इमारत आहे, आणि त्या राखणदारांना समारंभाच्या दिवशीं कमरेस तरवार लावण्याचा मान आहे, त्या शहराचें वर्णन एखाद्या क्रियापदापासून आरंभिलें तर तें अगदींच अप्रस्तुत ठरूं नये. प्रस्तुत लेखांत अशाच एका क्रियारूपाची हकीकत सांगावयाची आहे. तें रूप आज पॅरिसच्या रस्त्यांत कानीं पडत नाहीं. तरी सीन नदीच्या डाव्या कांठीं हिंडणाऱ्यास त्याची गांठ पडल्यावांचून रहात नाहीं.

लूव्ह्रच्या राजवाड्याकडून नदी ओलांडण्यासाठीं पादचाऱ्यांचा एक लोखंडी पूल आहे. त्यास ‘पाँ देझार’, म्हणजे कलांचा पूल, असें म्हणतात. मूळचा पूल १८०४ सालीं पुरा झाला. हल्लींचा त्याच धर्तीवर १९८४ सालीं बांधून झालेला आहे. मध्यंतरीं प्रेमी जनांनीं आपल्या प्रीतीची खूण म्हणून त्याच्या कठड्यांस इतकीं कुलुपें अडकविलीं कीं, २०१४ सालीं कठड्याचा एक भाग त्या भारानें कोसळला, आणि पुढच्या वर्षीं नगरपालिकेनें तीं सारीं कुलुपें काढून नेलीं. या पुलावरून चालूं लागलें म्हणजे समोर दोन्ही बाहू पसरल्यासारखी एक अर्धवर्तुळाकार इमारत दिसते, आणि तिच्या मध्यभागीं तो प्रसिद्ध घुमट. कार्दिनाल माझारँ यानें १६६१ सालीं मृत्युपत्रांत ठेवलेल्या द्रव्यांतून, फ्रान्सच्या राज्यास नव्यानें जोडलेल्या चार प्रांतांतील मुलांसाठीं हें विद्यालय म्हणून बांधलें गेलें. त्याचा आराखडा लुई ल व्हो या शिल्पज्ञाचा. राज्यक्रांतींत विद्यालय बंद पडलें, आणि १८०५ पासून फ्रेंच अकादमी या घुमटाखालीं येऊन राहिली.

अकादमी त्याहूनही जुनी. रिशल्यू या मुत्सद्यानें ती १६३५ सालीं स्थापन केली. तिचे सभासद चाळीस. त्यांना लोक ‘अमर’ म्हणतात. अर्थात् एक अमर निवर्तला म्हणजे दुसरा निवडला जातो! स्त्रियांना मात्र या अमरत्वासाठीं १९८० पर्यंत थांबावें लागलें. त्या वर्षीं मार्गरीत यूर्सनार ही लेखिका प्रथम निवडली गेली. अकादमीचें मुख्य काम शब्दकोशाचें. पहिली आवृत्ति १६९४ सालीं निघाली आणि नववी २०२४ सालीं पूर्ण झाली. घाई हा शब्द त्या कोशांत असला तरी त्या घरांत नसावा, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं.

आतां त्या क्रियारूपाकडे वळूं. आपण मराठींत म्हणतों, “त्याची इच्छा आहे कीं तिनें यावें.” हीच गोष्ट मागची असेल तर म्हणतों, “त्याची इच्छा होती कीं तिनें यावें.” ‘आहे’चें ‘होती’ झालें, पण ‘यावें’ जागचें हाललें नाहीं. जुन्या फ्रेंचांत तसें चालत नसे. इच्छा आजची असेल तर ‘यावें’चें एक रूप, ‘व्हिएन’. इच्छा कालची असेल तर निराळें रूप, ‘व्हँ’. मुख्य क्रियापद भूतकाळांत गेलें कीं, इच्छा, भय, संशय यांच्या पोटांतील क्रियापदानेंही त्याच्या मागोमाग भूतकाळांत जावें, असा तो शिष्टाचार होता. आपण त्यास सोयीसाठीं ‘भूत-इच्छार्थ’ म्हणूं.

हें रूप बनवावयास वस्तुतः फार सोपें आहे. फ्रेंचांत कथा-इतिहासांत वापरावयाचा एक साधा भूतकाळ आहे. त्याचें द्वितीयपुरुषी एकवचनी रूप घ्यावें व पुढें ठराविक प्रत्यय लावावे, कीं झालें. ‘गाणें’ या अर्थाच्या क्रियापदापासून ‘शाँतास’, ‘असणें’ यापासून ‘फ्यूस’. एकही क्रियापद या नियमाबाहेर जात नाहीं. गंमत आहे ती तृतीयपुरुषी एकवचनांत. ‘तो होता’ हेंही ‘फ्यू’ आणि ‘तो असावा’ हेंही ‘फ्यू’. ‘तो गायला’ हेंही ‘शाँता’ आणि ‘त्यानें गावें’ हेंही ‘शाँता’. कानाला फरक मुळींच नाहीं. लिहितांना मात्र दुसऱ्या रूपांतील स्वरावर एक लहानशी टोकदार टोपी येते.

ही टोपी शोभेची नव्हे. लॅटिनमध्यें या रूपांत दोन सकार होते: ‘कांतासेत’. शतकें लोटतां लोटतां त्याचें ‘शाँतास्त’ झालें, मग त्यांतला सकारही उच्चारांतून गेला, आणि लिहिण्यांत तेवढा मुका होऊन उरला. अकादमीनें आपल्या कोशाच्या १७४० च्या तिसऱ्या आवृत्तींत असे पुष्कळ मुके सकार काढून टाकले व त्यांच्या जागीं ही टोपी ठेवली. इंग्रजी ‘फॉरेस्ट’ व ‘हॉस्पिटल’ या शब्दांतला सकार फ्रेंच ‘फोरे’ व ‘ओपिताल’ यांत दिसत नाहीं, पण टोपी दिसते. तिचेंही कारण हेंच. गेलेल्या वर्णाची ती समाधि आहे, म्हणाना.

मग असें सुसूत्र रूप बोलण्यांतून गेलें कां? एक तर ज्या साध्या भूतकाळावर तें उभें होतें, तो स्वतःच बोलण्यांतून उठून पुस्तकांत जाऊन बसला. पायाच हालल्यावर मजला कसा टिकावा? दुसरें कारण हास्यरसाचें. ‘मला शक्य व्हावें’ या अर्थाचें ‘प्यूस’ हें रूप ऐकतांना पिसवेचें नांव घेतल्यासारखें वाटतें, आणि ‘मला ठाऊक असावें’ या अर्थाच्या रूपांत चोखण्याचा भास होतो. बहुवचनांतील ‘शाँतास्ये’सारखीं लांबट रूपें तोंडांत आलीं कीं, ऐकणारा हंसूं लागतो. विनोदी लेखकांनीं त्यांची थट्टा आरंभिली, आणि ज्या रूपास लोक हंसतात तें भर बैठकींत उच्चारण्याचें धैर्य कोण करणार?

सरकारनेंही हळूहळू वाट मोकळी केली. २६ फेब्रुवारी १९०१ च्या शिक्षणखात्याच्या हुकुमानें, मुख्य वाक्य संकेतार्थी असतां पोटवाक्यांत वर्तमानाचें रूप लिहिलें तरी परीक्षेंत चूक धरूं नये, असें ठरलें. १९७६ च्या हुकुमानें ही सवलत भूतकाळी वाक्यांसही मिळाली. म्हणजे फ्रेंच मनुष्यही आतां आपल्यासारखाच, “इच्छा होती कीं तिनें यावें” असें एकाच रूपावर भागवितो. तथापि १९९० सालीं लेखनाची सुधारणा झाली, आणि ‘इ’ व ‘उ’ या स्वरांवरील टोप्या पुष्कळ शब्दांतून ऐच्छिक झाल्या, तेव्हां या क्रियारूपावरची टोपी मात्र जाणूनबुजून राखण्यांत आली. बोलण्यांतून गेलें तरी लिहिण्यांतून पुसूं द्यावयाचें नाहीं, असा तो निवाडा.

घुमटापासून दोन पावलांवर नदीच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या लागतात. त्या पेट्यांत या निवाड्याचें मर्म कळतें. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ ही १८५७ ची कादंबरी उघडा, किंवा प्रूस्तचे खंड उघडा. भूत-इच्छार्थ तेथें जागजागीं आहे. उलट काम्यूची १९४२ ची ‘लेत्राँझे’ घ्या. तिचें निवेदन बहुतेक बोलण्यांतल्या भूतकाळांतच आहे. दोहोंत शंभर वर्षांचेंही अंतर नाहीं. मी तेथें पुस्तकें चाळीत असतां शेजारीं एक वृद्ध बाई व तिची दहाबारा वर्षांची नात उभी होती. मुलगी एका जीर्ण पुस्तकांतून मोठ्यानें वाचीत होती. मध्येंच थांबून ती म्हणाली, “आजी, हें असं कुणी बोलत नाहीं. मग शिकायचं कशाला?” आजीनें पुस्तकाचें पान बोटानें सपाट केलें आणि शांतपणें म्हणाली, “बोलूं नकोस. पण लिहिणाऱ्यानं टोपी घातली आहे, ती तुला दिसली पाहिजे. नाहीं तर ‘होता’ आणि ‘असावा’ तुला एकच वाटेल.” मुलीनें तें वाक्य पुन्हां वाचलें, या वेळीं जरा सावकाश.

त्या आजीचें उत्तर आपल्या घरांतही विचार करण्याजोगें आहे. वेदांत ‘लेट्’ नांवाचा एक लकार आहे; इच्छा व शक्यता दाखविणें हेंच त्याचें काम. पुढें लौकिक संस्कृतांतून तो गेला, आणि पाणिनीनें त्याचें स्थान छंदापुरतें नोंदून ठेवलें. नोंदून ठेवलें म्हणूनच वेदमंत्राचा अर्थ लावतांना तो आजही ओळखतां येतो. आपल्या मराठींतील ‘जुनें’, ‘केलें’ यांवरचा अनुस्वार ही देखील एके काळीं नाकांत उच्चारल्या जाणाऱ्या स्वराची खूण होय. १९६२ च्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार लेखनांतून काढले. लिहिणाऱ्यांची त्यामुळें मोठी सोय झाली, हें खरें. प्रस्तुत लेखकाच्या हातास मात्र तें जुनें वळण अद्याप सुटलेलें नाहीं, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. आणि मोडीची गोष्ट तर याहून कठीण. विसाव्या शतकांत ती शाळांतून गेली, व ज्या घरांत पणजोबांच्या हिशेबाच्या वह्या, दानपत्रें, मुलीच्या सासरीं धाडलेलीं पत्रें जपून ठेवलेलीं आहेत, त्याच घरांत तीं वाचणारें कोणी उरलें नाहीं. कागद आहेत, अक्षरें आहेत, केवळ ओळख तुटली.

भाषा बदलावयाचीच. जें रूप जिभेस जड झालें तें जीभ टाकून देणार, आणि त्यास चाळीस अमरांचाही इलाज नाहीं. परंतु बोलणें निराळें व ओळखणें निराळें. बोलण्याचें ओझें पुढच्या पिढीवर लादूं नये. ओळखण्याची किल्ली मात्र तिच्या हातीं द्यावी. ती किल्ली फार मोठी लागत नाहीं. सुट्टींतील एखादी दुपार, जुनें एक पान, आणि शेजारीं बसून “ही खूण कां आहे माहीत आहे का?” असें विचारणारें घरांतील एक वडील माणूस, एवढें पुरतें.