रंकाळ्यावरची पाकोळी

कोल्हापूरला पाहुणा आला की अंबाबाईचे दर्शन होते, तांबडा-पांढरा रस्सा होतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर होते. वर पाहा, असे मात्र त्याला कुणी सांगत नाही. दिवेलागणीला पाण्यावर काहीतरी भिरभिरत येते, गर्रकन वळते, खाली झेपावते. पाखरू म्हणावे, तर उडण्यात सरळपणा नाही. फुलपाखरू म्हणावे, तर हा वेग कुठला? ही पाकोळी, किडे खाणारे इवलेसे वटवाघूळ.

वडाला उलटी टांगलेली, फळांवर जगणारी धुडे ही तिची दूरची भाऊबंद. हिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. अर्धा तोळासुद्धा नाही! हिला झाडही लागत नाही. कौलाखालची सांद, वाशामागची फट, जुन्या भिंतीतली चीर एवढ्यात संसार. वाड्याच्या पडवीत सकाळी काळे दाणे दिसले की गृहिणी उंदराचा पिंजरा काढते. काडीने दाबून पाहावे : उंदराची लेंडी टणक असते, हिचा दाणा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे कण चकाकतात.

ती आंधळी नसते. पण शिकार कानांनी करते. १७९३ साली स्पालान्झानी या इटालियन पाद्र्याला दिसले, की डोळे गेलेले वटवाघूळही न धडपडता उडते. उलगडा व्हायला १९३८ साल उजाडले. हार्वर्डमध्ये ग्रिफिन आणि पिअर्स यांनी, आपल्याला ऐकू न येणारा तिचा आवाज यंत्राने टिपला. त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ती किडा हेरते आणि बाईने ओच्यात शेंगा घ्याव्यात तसा शेपटीच्या पडद्यात झेलते. केसांत अडकते म्हणतात, ते खोटे. केसांत तिला खाण्यासारखे काय आहे?

बेळगावकडच्या बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळाची १९१३ पासून शास्त्राच्या ग्रंथांत नोंद आहे. आमच्या पाकोळीला एवढा मान कुठला? ती पेठेतली. आणि पेठांतले वाडे आता पडताहेत. स्लॅबला सांद नसते, गिलाव्याला चीर नसते. काही पाकोळ्या दुकानाच्या पाटीमागे बिऱ्हाड थाटतात. पण पाटी काय, दुकानदार बदलला की उतरते.

दिवाळीत कोल्हापूरला जाल, तर दिवस बुडाल्यावर पहिला अर्धा तास भेळेचा पुडा बाजूला ठेवा. गारठा फार असेल तर पाकोळी फटीतच सुस्त पडून राहते. मग भेळ खावी.