महागडी रिग आणि तिच्या मालकाचं मत

२००४ साली आयकॉमची आयसी-७८०० ही रिग, म्हणजे हौशी रेडिओचा संच, आली. किंमत दहा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेचार लाख रुपये, आणि सीमाशुल्क वेगळं. वजन पंचवीस किलो, दोन सारखे स्वतंत्र रिसीव्हर, २०० वॅट, समोर मोठा रंगीत पडदा. तीन-साडेतीन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या एलेक्राफ्ट या छोट्या कंपनीची के-३ आली. ती जेमतेम चार किलोची, हवी तर सोल्डरिंग न करता मालकाने स्वतः जोडायची, आणि सगळे फिल्टर व दुसरा रिसीव्हर घालूनही ७८०० च्या निम्म्याहून कमी किमतीत बसणारी. दोन जोरदार स्टेशनं शेजारी असताना क्षीण स्टेशन ऐकण्याच्या प्रयोगशाळेतल्या कसोटीत के-३ कितीतरी पुढे होती. तरीही ७८०० चे मालक समाधानी होते, आणि आजही ती विकायला सहसा तयार नसतात. हे मालक चुकत होते का? माझ्या मते नाही. मालकाचं मत कशाबद्दल खरं असतं आणि कशाबद्दल नसतं, हे समजून घेण्यासाठी ही जोडी फार चांगली आहे.

माझं काम रेडिओ मोजण्याचं आणि दुरुस्तीचं. टेबलावर सिग्नल जनरेटर, अॅटेन्युएटर, स्पेक्ट्रम अॅनालायझर, आणि समोर कुणाची तरी उघडलेली रिग. नवी रिग घ्यायची ठरवलेले हौशी रेडिओवाले येऊन हमखास विचारतात, "अमक्याकडे तीच आहे, तो म्हणतो तिच्यासारखी दुसरी नाही. घेऊ का?" मी उलट विचारते, "त्यांची अँटेना कोणती? राहतात कुठे? सीडब्ल्यूवर, म्हणजे मोर्सवर असतात, की फोनवर, म्हणजे बोलून?" बऱ्याच जणांना हे प्रश्न विषयांतर वाटतात.

कसोटी नेमकी कशाची असते ते आधी सांगते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले रॉब शेरवुड हे आमच्या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांचं कॉल साइन एनसीझीरोबी. १९७७ साली त्यांनी ड्रेक कंपनीच्या आर-४सी या नावाजलेल्या रिसीव्हरवर लेख लिहिला. हा रिसीव्हर कागदावर उत्तम होता, पण सीडब्ल्यूच्या स्पर्धेत, स्टेशनं एकमेकांना खेटून बसली की कोलमडायचा. कारण त्या काळी मोजणी करताना दोन सिग्नल २० किलोहर्ट्झ अंतरावर ठेवत, आणि स्पर्धेत शेजारी असतो २ किलोहर्ट्झवर. शेरवुड यांनी २ किलोहर्ट्झवर मोजायला सुरुवात केली आणि पुढे त्याच आकड्याच्या क्रमाने रिसीव्हरांची यादी ठेवली. आज जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, खरेदीआधी ती यादी बघतात. त्या मोजणीत ७८०० ला ८० डेसिबलच्या आसपास आणि के-३ ला ९५ च्या घरात गुण मिळाले. पंधरा डेसिबल म्हणजे सुमारे तीसपट शक्तीचा फरक.

हा फरक कारागिरीचा नाही, रचनेचा आहे. ७८०० आलेला सिग्नल आधी ६४.४५५ मेगाहर्ट्झवर नेते. तिथे क्रिस्टलचा अरुंद फिल्टर करणं अवघड, त्यामुळे तिचा सर्वांत अरुंद रूफिंग फिल्टर, म्हणजे वाटेतला पहिला फिल्टर, ३ किलोहर्ट्झचा. दोन किलोहर्ट्झवरचा शेजारी त्यातून सहज किंवा थोडा घासून आत येतो. के-३ ने सिग्नल खाली ८.२१५ मेगाहर्ट्झवर आणला. तिथे २०० हर्ट्झपर्यंतचे फिल्टर बसवता येतात, आणि शेजाऱ्याला पहिल्याच दारात अडवता येतं.

शेजारी आत आला की काय होतं, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. ७०१२ आणि ७०१४ किलोहर्ट्झवर दोन जोरदार स्टेशनं आहेत असं समजा. रिसीव्हरचा मिक्सर ताणला गेला की त्याच्याच पोटात तिसरं भूत तयार होतं: ७०१२ ची दुप्पट वजा ७०१४, म्हणजे ७०१०. तिथे हवेत कुणीही नसतं, तरी कानात टकटक येते; आणि एखादं क्षीण स्टेशन खरोखर तिथे असलं तर ते गाडलं जातं. भूत ओळखायची युक्ती मी प्रत्येकाला दाखवते. १० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावायचा. खरा सिग्नल १० डेसिबलने उतरतो. भूत मात्र ३० डेसिबलने उतरतं, कारण ते तिसऱ्या घातावर चालतं. बटण दाबल्यावर टकटक एकदम नाहीशी झाली, तर ती तुमच्या रिगने घडवलेली होती. टेबलावर हे करून दाखवलं की वर्षानुवर्षं रेडिओ चालवणारी माणसंही दोन-तीनदा बटण दाबून खात्री करून घेतात.

याच अॅटेन्युएटरमध्ये ७८०० च्या मालकांच्या समाधानाचं उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची रेडिओ गोंगाटाबद्दलची पी.३७२ ही शिफारस सांगते की शहरात ७ मेगाहर्ट्झवर माणसाने केलेला गोंगाट औष्णिक पातळीच्या सुमारे ५३ डेसिबल वर असतो. अगदी शांत खेड्यात तो २९ च्या आसपास येतो. चांगल्या एचएफ रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट याच मापावर फार तर १५-२० डेसिबल. म्हणजे पुण्यामुंबईच्या सोसायटीत बाहेरचा गोंगाट रिसीव्हरच्या गोंगाटाच्या हजारपटीहून जास्त. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टचे ड्राइव्ह, गच्चीवरचे सोलर इन्व्हर्टर अशी सगळ्यांची भर त्यात असते. अशा ठिकाणी ७ मेगाहर्ट्झवर १८ डेसिबलचा अॅटेन्युएटर लावून ठेवला तरी ऐकू येणाऱ्यातलं काहीही कमी होत नाही. बाहेरचा गोंगाट अजूनही रिसीव्हरच्या वरच राहतो आणि भुतं मात्र ५४ डेसिबलने खाली जातात. गणित केलं तर दिसतं की त्या अवस्थेत ८० डेसिबलच्या रिसीव्हरलाही त्रास द्यायला दोन्ही शेजारी एस-९ या मीटरवरच्या खुणेच्या वर चाळीस डेसिबलच्या पुढे असावे लागतील. फ्लॅटच्या गच्चीवरच्या डायपोलवर असे शेजारी क्वचित भेटतात. तिथला मालक म्हणतो, "मला कधी त्रास झालाच नाही." तो खरं सांगतो, फक्त स्वतःच्या गच्चीबद्दल.

दुसरीकडे युरोपातला एखादा हॅम रात्री ७ मेगाहर्ट्झवर तीस मीटर उंचीवरच्या बीमने ऐकतो. त्याच्याभोवती शेकडो किलोमीटरच्या परिसरात हजारो स्टेशनं. त्याला तो पंधरा डेसिबलचा फरक पहिल्या रात्रीच कळतो. फेब्रुवारी २००८ मध्ये प्रशांत महासागरातल्या निर्जन ड्यूसी बेटावर व्हीपी६डीएक्स ही मोहीम गेली, तेव्हा त्यांनी नव्या कोऱ्या के-३ नेल्या होत्या. एका चिमुकल्या बेटावर अनेक ट्रान्समीटर एकाच वेळी चालू आणि त्याच बेटावर क्षीण हाका ऐकायच्या, अशी ती परिस्थिती. १ लाख ८३ हजारांवर संपर्क त्यांनी केले. त्या मालकांचं मत आणि सोसायटीतल्या मालकाचं मत शेजारी ठेवून बेरीज-सरासरी करता येत नाही.

मताला तारीखही असते, हेही लक्षात ठेवायला हवं. ७१०० ते ७२०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पूर्वी प्रसारण केंद्रं असत. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ती हलवायचं ठरलं आणि २९ मार्च २००९ पासून ते अमलात आलं. त्याआधी ४० मीटरवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, एखादी रिग "रात्री बधिर होते" असं कुणी म्हटलं असेल, तर तो पट्टाच आता तसा राहिलेला नाही.

मग मालकाचं ऐकायचं कशाबद्दल? जिथे हात आणि कान तासन्तास लागतात त्याबद्दल. तिथे त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही, मीसुद्धा नाही. माझ्या टेबलावर रिग दोन दिवस असते. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइडच्या सीडब्ल्यू स्पर्धेत ती सलग ४८ तास चालते. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरुवात. दुसऱ्या रात्री तीन वाजता, झोप अनावर असताना, ट्युनिंगचा नॉब बोटाला जड लागतो की हलका, फिल्टरची रुंदी न बघता बदलता येते की मेनूत शिरावं लागतं, हेडफोनमधला आवाज कानाला बोचतो का, हे कुठल्याच यादीत नसतं. ७८०० च्या मालकांनी पहिल्यापासून एकमुखाने सांगितलं ते हेच: आवाज थकवत नाही, प्रत्येक गोष्टीला स्वतःचं बटण आहे, पडद्यावर अख्खा बँड दिसतो. के-३ च्या मालकांची तक्रार नेमकी उलट होती. बटणं लहान, प्रत्येकाला दोन कामं, एक दाबून आणि दुसरं दाबून धरून. आणि पाइल-अपमध्ये, म्हणजे एकाच वेळी हाका मारणाऱ्या स्टेशनांच्या गर्दीत, सगळी स्टेशनं एकाच पातळीवर येऊन चिखल होतो.

या शेवटच्या तक्रारीबद्दल मला विशेष आदर आहे. तिचं मूळ एजीसीत होतं, म्हणजे आवाज आपोआप समान ठेवणाऱ्या यंत्रणेत. जोरदार आणि क्षीण सिग्नल सारख्याच मोठ्याने ऐकवले तर कानाला त्यांना वेगळं काढता येत नाही. ९५ डेसिबलचा रिसीव्हर या कारणाने वाया जाऊ शकतो, आणि प्रयोगशाळेतली दोन सिग्नलची चाचणी ते कधीच दाखवणार नाही. ते दाखवलं मालकांच्या कानांनी. एजीसीचा उंबरठा आणि उतार के-३ च्या मेनूत बदलता येतात, आणि उतार कमी केला की पाइल-अप पुन्हा उलगडतो हे मालकच एकमेकांना सांगू लागले. कंपनीही फर्मवेअर बदलत राहिली. पुढे कमी फेज नॉइजचा नवा सिंथेसायझर बोर्ड आला, तोही जुन्या के-३ मध्ये बसवता येत होता. २०१५ साली के-३एस ही सुधारित आवृत्ती निघाली. त्यामुळे के-३ बद्दलचं मत वाचताना ते कुठल्या वर्षाचं, कुठल्या बोर्डाचं, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. तक्रार करणारा मालक मला स्तुती करणाऱ्यापेक्षा जास्त शिकवतो, कारण तक्रारीत नेमका प्रसंग असतो.

फोनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एसएसबीवर, म्हणजे फोनच्या नेहमीच्या पद्धतीत, तुम्हाला त्रास देणारा चिखल बहुतेक वेळा तुमच्या रिसीव्हरमध्ये नसतोच, तो शेजाऱ्याच्या ट्रान्समीटरमधून आलेला असतो. १३.८ व्होल्टवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या आउटपुटमध्ये तिसऱ्या घाताची घाण मुख्य सिग्नलच्या जेमतेम ३० डेसिबल खाली असते. ती हवेतूनच येते, तेव्हा जगातला सर्वोत्तम रिसीव्हरही ती काढू शकत नाही. शेरवुड स्वतः व्याख्यानांत हेच सांगत आले आहेत, आणि ८५ डेसिबलच्या पुढचा रिसीव्हर बहुतेकांना बहुतेक वेळ पुरतो, हेही. यादी करणाऱ्याचंच हे म्हणणं यादी वाचणारे सहसा ऐकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे आणखी काही गोष्टी धराव्या लागतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना असेल तर एचएफवर ५० वॅटची मर्यादा आहे, जनरल ग्रेडला ४०० वॅट. पन्नास वॅटवाल्याने २०० वॅटच्या रिगचे पैसे का द्यावेत? पंचवीस किलोचं यंत्र दुरुस्तीला परदेशी पाठवणं आणि परत सोडवून आणणं हा वेगळाच खर्च. शिवाय आपला वळीव. एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे "बहिऱ्या" झालेल्या रिग येतात. वीज जवळ कुठेतरी पडलेली असते, अँटेना लावलेली राहिलेली असते. एकीत फक्त १४ मेगाहर्ट्झचा बँड गेला होता, बाकी सगळे ठणठणीत. उघडून बघितलं तर त्या बँडच्या फिल्टरला जोडणारा तांदळाच्या दाण्याएवढा डायोड जळलेला. मालकाला ती रिग कित्येक महिने "चौदावर जरा कमी ऐकते" एवढंच वाटत होतं. दुसऱ्या कुणाला सल्ला देतानाही त्याने तेच सांगितलं होतं.

जुन्या मालकाचं मत मला म्हणूनच मोलाचं वाटतं. पहिल्या आठवड्यात बोलतो तो नव्या वस्तूचा आनंद. सात-आठ वर्षांनी बोलणारा माणूस पडद्याचा उजेड मंदावला का, एन्कोडर उड्या मारतो का, सुटे भाग मिळतात का, हे सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या असाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या कारखान्याला आग लागली. तिथल्या ऑडिओ आणि एडीसी चिप अनेक कंपन्यांच्या रेडिओंत होत्या, आणि काही मॉडेलांचं उत्पादन अडखळलं. असं एकदा झालं की सुट्या भागांचा प्रश्न किती खरा आहे ते कळतं.

२०१६ साली आयकॉमचीच आयसी-७३०० आली. सिग्नल थेट डिजिटल करणारी, दीड हजार डॉलरच्या आसपासची. आज ती आपल्याकडच्या अनेक शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोल्यांत, दिसते. ७८०० बाळगून असलेल्या काहींनीही ती घेतली, आणि दोन्ही एका अँटेनावर अदलाबदल करून ऐकल्या. शहरात त्यांना फार फरक सापडला नाही. कोकणात लांब तार टाकून बसणाऱ्याला मात्र रात्री कधीकधी ओव्हरफ्लोचा इशारा दिसतो. तिथेही अॅटेन्युएटर किंवा आरएफ गेन कमी करणं पुरतं.

त्यामुळे "घेऊ का?" विचारणाऱ्याला मी एक काम सांगते. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर प्रीअॅम्प बंद ठेवून मोकळी जागा पकडा आणि अँटेनाची वायर काढा. गोंगाट एकदम पडला, तर तुमचा आत्ताचा रिसीव्हर त्या जागेसाठी पुरेसा आहे. पैसे अँटेनावर, चोकवर आणि घरातले गोंगाट करणारे चार्जर बदलण्यावर घाला. त्यानंतरही महागडी रिग घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण आधी तिच्या मालकाच्या शॅकमध्ये स्पर्धेच्या रात्री जाऊन बसा. त्याला प्रश्न विचारू नका. त्याचा हात कुठल्या नॉबकडे जातो, आणि कुठल्या नॉबला त्याने रात्रभर हात लावला नाही, तेवढं बघून या.